स्टेपवर ना तुरुंग, ना जमिनीचे कागद: मग कायदा चालायचा कसा?

पाऊलवाट (मूळ प्रश्न)

स्टेप म्हणजे मध्य आशियातला गवताळ माळ. तिथल्या मंगोल, ओइरात (पश्चिमेकडचे मंगोल), कझाक या भटक्या पशुपालक समाजांच्या लढायांवर हवं तेवढं वाचायला मिळतं, रोजच्या न्यायव्यवहारावर मात्र फार थोडं. जाणकारांना चार नेमके प्रश्न विचारायचे आहेत.

१) चंगीझ खानाचा ‘यासा’ (कायदा) म्हणून जालावर तीसेक कलमांची यादी फिरत असते. पाण्यात लघवी केली तर मृत्युदंड, उंबऱ्यावर पाय ठेवला तर मृत्युदंड, जनावराचा गळा चिरला तर मृत्युदंड वगैरे. यातलं विश्वासार्ह किती?

२) समजा एखाद्याचा घोडा चोरीला गेला. पोलीस नाहीत, तुरुंग नाही, चोर शंभर कोस लांब जाऊ शकतो. मग मालक पहिल्या दिवसापासून नेमकं काय करायचा?

३) खून झाला तर सूड घेत, की भरपाई? भरपाई असेल तर किती, आणि ती देणार कोण?

४) सगळेच हिंडते असतील तर ‘हे कुरण आमचं’ हे कोण, कशाच्या आधारावर म्हणायचं? आज मंगोलियात काय स्थिती आहे?

‘ते रानटी होते’ किंवा ‘ते फार लोकशाहीवादी होते’ अशा धर्तीची उत्तरं नकोत. पद्धत, आकडे आणि कुठे काय बिघडायचं, हे हवं आहे.

---

जीर्णपान

पहिला प्रश्न घेतो.

यासाची संपूर्ण संहिता आज उपलब्ध नाही, त्यामुळे कलमांना क्रमांक दिलेली कोणतीही यादी पुढच्या काळात कुणीतरी जुळवलेली आहे. बहुतेक याद्यांचं मूळ कैरोतल्या अल-मक्रीझी या इतिहासकाराकडे जातं, आणि तो १४४२ मध्ये वारला. म्हणजे चंगीझ खानानंतर दोन शतकं. बगदादच्या मुस्तनसिरिया ग्रंथालयात यासाची प्रत पाहिलेल्या माणसाकडून आपल्याला हे कळलं, असं तो लिहितो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड आयलॉन यांनी मजकूर ओळीओळीने ताडून दाखवलं की मक्रीझीचा खरा आधार चौदाव्या शतकातला अल-उमरी आहे, आणि अल-उमरीचा मोठा भाग तेराव्या शतकातला इराणी इतिहासकार जुवैनी याच्यावरून आलेला आहे. शिवाय मक्रीझीला त्यात स्वतःचा हेतू होता. त्याच्या काळच्या इजिप्तमधल्या ममलूक राज्यात लष्करी अधिकारी शरियतच्या न्यायालयांच्या अधिकारात हात घालत होते. त्यांचा कायदा काफिरांकडून आलेला आहे, हे त्याला ठसवायचं होतं. त्यामुळे एकच साक्ष तीन तोंडांनी आली आहे आणि आपण ती तीन साक्षी म्हणून मोजतो.

मंगोलांच्या स्वतःच्या बाजूने काय मिळतं? १२०६ च्या कुरुलताईनंतर (मंगोल सरदारांच्या महासभेनंतर) शिगी खुतुखुला मुख्य न्यायाधीश नेमलं. लोकांची वाटणी आणि दिलेले निवाडे त्याने ‘निळ्या वही’त नोंदवावेत आणि पुढच्या पिढ्यांनी ते बदलू नयेत, असा आदेश ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात आहे. हे वर्णन निवाड्यांच्या नोंदवहीचं आहे, कलमवार संहितेचं नाही. त्याच ग्रंथात यासा हा शब्द बहुतेक वेळा हुकूम या अर्थाने येतो, आणि तेही मोहिमेच्या, सैन्याच्या संदर्भात. एक बंदिस्त लेखी संहिता होती का, यावरच डेव्हिड मॉर्गन यांनी १९८६ मध्ये प्रश्नचिन्ह लावलं. माझं मत त्याच बाजूला झुकतं: खानाचे हुकूम, जुने रिवाज आणि शिगी खुतुखुचे निवाडे यांचा हा साठा होता आणि तो वाढत गेला.

मग यादीतलं एखादं कलम पारखायचं कसं? मक्रीझी बाजूला ठेवायचा आणि तीच गोष्ट एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारांकडे सापडते का ते पाहायचं. युरोपातला ख्रिस्ती धर्मगुरू कार्पिनी १२४५ ते १२४७ या काळात मंगोलांकडे जाऊन आला, तसाच रुब्रुक १२५३ ते १२५५ मध्ये. जुवैनी मंगोल प्रशासनातच होता. १२३० च्या दशकात चीनच्या दक्षिण सोंग दरबाराचे पेंग दाया आणि शू टिंग हे दूतही मंगोलांकडे जाऊन आले, आणि त्यांनी जे पाहिलं ते लिहून ठेवलं.

या कसोटीवर उंबऱ्याचा नियम टिकतो. कार्पिनी तो सांगतोच, आणि रुब्रुकचा सोबती मोंगके खानाच्या तंबूतून निघताना उंबऱ्याला अडखळला तेव्हा त्याला धरण्यात आलं. नियम माहीत नव्हता म्हणून जीव वाचला; मात्र पुन्हा खानाच्या तंबूत प्रवेश मिळाला नाही. म्हणजे शिक्षा कडक, पण अंमल करताना माणूस बघून.

पाण्याचा नियमही टिकतो, पण वेगळ्या रूपात. जुवैनीच्या मते बंदी वसंतात आणि उन्हाळ्यात, दिवसा पाण्यात उतरण्यावर होती, वाहत्या पाण्यात हात धुण्यावर होती, धुतलेले कपडे माळावर वाळत घालण्यावर होती. कारण त्याने विजा आणि गडगडाट वाढतो अशी समजूत. उघड्या माळावर वीज ही माणसं आणि जनावरं मारणारी गोष्ट आहे, हे लक्षात घेतलं की नियमाचं वजन कळतं. आजच्या लेखांत त्याला ‘जलप्रदूषणविरोधी कायदा’ म्हणतात, ते पूर्णपणे आपल्या काळातलं वाचन आहे.

सोंग दूतांनी नोंदवलेला एक नियम मात्र खरोखर कुरणाच्या रक्षणाचा आहे आणि लोकप्रिय याद्यांत तो क्वचितच दिसतो: गवत उगवण्याच्या दिवसांत जमीन खणणारा आणि हलगर्जीने आग लावून गवत जाळणारा, यांच्या घरादाराला मृत्युदंड.

गळा न चिरण्याबद्दल. मंगोल रीत म्हणजे जनावराला उताणं पाडून पाय धरायचे, छातीखाली छेद द्यायचा, हात आत घालून हृदयाजवळची मुख्य रक्तवाहिनी तोडायची. रक्त छातीच्या पोकळीत साठतं, जमिनीवर सांडत नाही आणि वायाही जात नाही. मुसलमानांवर ही रीत लादण्याचा प्रकार खानागणिक बदलला. जुवैनी एक खटला सांगतो. एका मुसलमानाने दार लावून घरात मेंढी हलाल केली आणि एका किपचाकाने (स्टेपवरच्या एका तुर्की जमातीच्या माणसाने) छपरावर चढून ते पाहून तक्रार केली. चंगीझनंतरचा खान ओगेदेई याने मुसलमानाला सोडलं, कारण त्याने नियमाचा उघड भंग केला नव्हता, आणि दुसऱ्याच्या छपरावर चढणाऱ्याला मृत्युदंड दिला. पुढे कुबलाई खानाने १२८० च्या सुमारास चीनमध्ये हलालवर बंदी घातली. नियम एकच, निवाडे उलट. ‘यासात असं लिहिलं होतं’ या वाक्याकडे म्हणूनच सावधपणे पाहावं.

---

खूरमाग

जीर्णपान यांच्याशी सहमत. मला तर वाटतं की यासाच्या गूढतेत अडकल्यामुळे खरा, वापरातला कायदा मागे राहतो. त्यासाठी १६४० ची मंगोल-ओइरात संहिता, १७०९ पासूनचा खाल्खा जिरुम (खाल्खा मंगोलांची संहिता), चीनच्या चिंग राजवटीने मंगोलांसाठी केलेले नियम आणि कझाकांचा रिवाज पाहावा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या चारांतून नीट मिळतं.

चोरीच्या आधीपासून सुरुवात करू, कारण अर्धं काम तिथे झालेलं असतं. घोड्याच्या मांडीवर कुळाचा तमगा डागलेला असतो आणि मेंढ्या-बकऱ्यांच्या कानांना ठरावीक काप असतो. जनावर भरकटून दुसऱ्याच्या कळपात गेलं तर ती चोरी नव्हे. ते जाहीर न करता ठेवून घेणं ही चोरी. साम्राज्याच्या काळात हरवलेल्या जनावरांसाठी स्वतंत्र अधिकारी असे, त्याला बुलार्गुची म्हणत. सापडलेलं जनावर त्याच्याकडे द्यायचं. त्याचा तंबू छावणीतल्या उंच जागी, निशाण लावून असे, म्हणजे मालकाला शोधत फिरावं लागू नये. हे मार्को पोलोने नोंदवलं आहे. त्यामुळे ‘मला ते माळावर सापडलं’ हा चोराचा नेहमीचा बचाव आपोआप बाद होतो: सापडलं होतं तर दिलं का नाहीस?

चोरी लक्षात आली की पहिलं काम म्हणजे माग काढणं. मालकाने एकट्याने काढलेल्या मागाला किंमत नाही; सोबत साक्षीदार हवेत. माग एखाद्या तळापर्यंत पोहोचला की जबाबदारी उलटते. आता त्या तळावरच्या लोकांनी माग आपल्या तळातून पुढे बाहेर पडलेला दाखवायचा. तो दाखवता आला नाही तर त्या तळाच्या प्रमुखाने शपथ घ्यायची, नाहीतर भरपाई द्यायची. चोर कोण हे अजून कुणालाच माहीत नसतं, तरी दावा उभा राहिलेला असतो. पोलीस नसलेल्या मुलखात तपासाचं काम ज्यांना माहिती असण्याची शक्यता जास्त, त्यांच्याच गळ्यात घातलं आहे.

यात काय बिघडतं? वेळ. ताजी बर्फवृष्टी, वारा, किंवा माग ओलांडून गेलेला मोठा कळप यांनी माग पुसला जातो. मग शपथ हाच पुरावा उरतो, आणि शपथेची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. कझाकांत आरोपी स्वतः शपथ घेत नाही. त्याच्या भाऊबंदांपैकी प्रामाणिक म्हणून नाव असलेला माणूस फिर्यादी निवडतो, आणि ‘हा निर्दोष आहे’ अशी शपथ त्या माणसाने घ्यायची. तो मागे हटला की आरोपी दोषी. ज्याच्याकडे गमावण्यासारखं नाव आहे त्यालाच पणाला लावायचं, हे तत्त्व. नातेवाईक पाठीशी घालतील अशी आपल्याला शंका येते, पण खोट्या शपथेचा डाग सगळ्या कुळावर बसतो आणि पुढच्या प्रत्येक दाव्यात तो आडवा येतो. शिवाय खोटी शपथ संततीला आणि कळपाला भोवते ही श्रद्धा पक्की होती.

निवाडा करणारा म्हणजे ‘बी’. दोन्ही पक्षांनी त्याला मान्य करायचं, आणि त्याचं मानधन दाव्याच्या किमतीचा दहावा हिस्सा. निवाडा तोंडी, सर्वांसमोर, म्हणी आणि जुन्या निवाड्यांचे दाखले देत. बी पक्षपाती निघाला तर त्याच्याकडे पुन्हा कुणी जात नाही.

आता भरपाई. इथे सगळीकडे नऊ हा आकडा येतो, पण त्याचा अर्थ काळ आणि समाजानुसार बदलतो. १३३० च्या दशकात सोनेरी टोळीच्या (मंगोल साम्राज्याच्या पश्चिमेकडच्या राज्याच्या) मुलखातून गेलेला इब्न बतूता सांगतो: चोरीचा घोडा ज्याच्याकडे सापडेल त्याने तो परत करून वर तसेच नऊ द्यायचे, जमत नसेल तर त्याची मुलं घेतली जायची, मुलंही नसतील तर त्याला मेंढीसारखं कापायचे. या धाकामुळे तिथे जनावरं राखणीशिवाय चरत, असंही तो म्हणतो. पुढच्या संहितांत ‘एक नऊ’ हा जनावरांचा ठरलेला संच झाला. चिंग काळच्या नियमांत एक नऊ म्हणजे २ घोडे, २ खच्ची केलेले बैल, २ दुभत्या गाई, ३ वर्षांची २ गुरं आणि २ वर्षांचं १. गुन्हा जितका मोठा तितके जास्त नऊ. लहान गुन्ह्याला पाचाचा संच. वय आणि प्रकार ठरवून दिल्याचा हेतू उघड आहे. नुसतं ‘नऊ जनावरं’ म्हटलं असतं तर देणाऱ्याने म्हातारी, भाकड, वासरंच पुढे केली असती.

कझाकांत चोरीला ‘तीन नऊ’ अशी जुनी मोजणी आहे. शिवाय नऊच्या पुढे कोण आहे त्यावरून त्याची किंमत ठरते: उंटापासून सुरू होणारा नऊ सर्वांत जड, घोड्यापासून सुरू होणारा त्याखाली. किरकोळ अपराधाला एक घोडा आणि एक झगा, इतकंच.

आणि शेवटी, आरोपीचं कूळ बी-समोर यायलाच तयार नसेल किंवा निवाडा होऊनही देत नसेल तर? तिथे बारीम्ता येते. म्हणजे त्यांच्या कळपातून जनावरं हाकून आणायची आणि निवाडा पाळेपर्यंत अडकवून ठेवायची. बाहेरच्याला ही लूट दिसते, पण तिला अटी आहेत. आधी आपल्या कुळाच्या प्रमुखाची परवानगी. आणल्यावर लगेच त्याला कळवायचं आणि आणलेली जनावरं दाव्याच्या प्रमाणात आहेत की नाहीत हे त्याने पाहायचं. काम उघडपणे करायचं, चोरून नाही. एवढं पाळलं तर ती जप्ती, नाहीतर ती चोरी.

रशियन साम्राज्याने १८२२ च्या सायबेरियन कझाकांसाठीच्या नियमांत बारीम्तेला खून, लूट यांच्या पंगतीत बसवून फौजदारी गुन्हा केलं. बाकी दिवाणी स्वरूपाचे दावे बींकडेच ठेवले, पण त्यांचे निवाडे अमलात आणण्याचं जुनं साधन काढून घेतलं. बारीम्ता थांबली नाही. परवानगी मागणं आणि जाहीर करणं तेवढं थांबलं, कारण जाहीर करणं म्हणजे कबुली. अटी गळून पडल्या आणि उरला तो रात्रीचा जनावरचोरीचा प्रकार. प्रशासनाने मग त्याकडे बोट दाखवून ‘हे लोक मुळातच चोर’ असा निष्कर्ष काढला, याचा मला अजूनही संताप येतो.

---

पाऊलवाट

दोघांचेही आभार. खूरमाग, एक शंका: भरपाई इतकी जड असेल तर गरीब माणूस ती देणार कुठून? आणि खुनाच्या बाबतीतही हाच नऊचा हिशोब लागू होतो का?

---

सातपिढ्या

खुनाचा हिशोब वेगळा. कझाक रिवाजात त्याला ‘कुन’ म्हणतात. तौके या कझाक खानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘झेती झार्गी’ या कायद्यानुसार (सतराव्या शतकाचा शेवट) पुरुषाच्या जिवाची भरपाई १००० मेंढ्या, स्त्रीच्या ५००. मारला गेलेला सुलतान (खानाच्या वंशातला) किंवा खोजा (पैगंबराच्या वंशातला मानला जाणारा) असेल तर सात माणसांचा कुन. अवयवांचेही दर आहेत: अंगठा १०० मेंढ्या, करंगळी २०. धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढतात आणि लगाम, कासरा, काठी सगळं त्यावरच अवलंबून, त्यामुळे हा फरक मला अगदी रास्त वाटतो. १६४० च्या ओइरात संहितेतही अंगठ्याची भरपाई जड आणि करंगळीची हलकी आहे.

निवड मारलेल्याच्या नातेवाइकांची असते: जिवाला जीव घ्यायचा की कुन. बींचा सगळा जोर कुनकडे वळवण्यावर असायचा, कारण सूड सुरू झाला की दोन कुळांची स्थलांतराची वाट एकमेकांना बंद होते. विहिरीवर जाता येत नाही, सोयरिकी तुटतात, आणि दोघांचेही कळप मरतात.

आता गरिबाचा प्रश्न. १००० मेंढ्या एका साध्या कुटुंबाकडे नसतातच. कुन खुनी एकटा देत नाही, त्याचे भाऊबंद मिळून देतात; आणि घेणाऱ्या बाजूलाही तो एका घरात जात नाही, नात्याच्या जवळिकीप्रमाणे वाटला जातो. म्हणून कुठे कुणाचं नातं संपतं हे माहीत असणं गरजेचं. कझाकांत सात पिढ्यांचे पूर्वज तोंडपाठ असण्यावर भर आहे तो नुसत्या अभिमानापोटी नाही. या सात पिढ्यांच्या आत लग्न नाही, आणि देण्याघेण्याची जबाबदारीही याच नात्यातून मोजली जाते. एखादा माणूस वारंवार भानगडी करून भाऊबंदांना भरायला लावत असेल तर कूळ त्याला जाहीरपणे टाकून देऊ शकतं. त्यानंतर त्याच्यासाठी कुणी भरत नाही आणि त्याला मारलं तर कुणी कुन मागत नाही. तुरुंग नसलेल्या समाजातली ही खरी जबर शिक्षा.

याला गोड रंग देऊ नये. नवऱ्याने बायकोला मारलं तर तो कुन देऊन सुटू शके. बायकोने नवऱ्याला मारलं तर नातेवाइकांनी माफ केल्याशिवाय मृत्युदंड, अपवाद फक्त गरोदर स्त्रीचा. आईबापांनी अपत्याला मारलं तर शिक्षाच नाही. कायदा घराच्या आत जवळजवळ जात नव्हता. तो घराघरांमधला होता.

एक सावधगिरी. झेती झार्गीचा तौकेच्या काळातला लेखी मसुदा नाही. आपल्याकडे जे आहे ते एकोणिसाव्या शतकात रशियन अधिकाऱ्यांनी तोंडी ऐकून लिहिलेलं. त्यातली लेव्शिनची १८३२ ची नोंद सर्वाधिक वापरली जाते. आकडे त्या नोंदीतले आहेत. प्रत्यक्ष दाव्यात बी घासाघीस करून रक्कम बरीच खाली आणत. सोव्हिएत सत्तेने कझाक भागात १९२० मध्ये कुन आणि १९२१ मध्ये वधूमूल्य रद्द केलं.

---

जीर्णपान

सातपिढ्या यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. जनावरांतला दंड फक्त गुन्ह्यांपुरता नव्हता. १६४० च्या संहितेत दरवर्षी चाळीस घरांमागे चार मुलांची लग्नं लावून द्यायची सक्ती आहे. एकाच्या लग्नाला दहा घरांनी हातभार लावायचा, नाहीतर दंड. तहानलेल्याला कुमिस (घोडीचं आंबवलेलं दूध) न देणाऱ्याला एक मेंढी दंड. तळ हलवताना आग न विझवता गेलेल्यांची आग दुसऱ्याने विझवली तर विझवणाऱ्याला त्यांच्याकडून एक मेंढी. सोंग दूतांनी नोंदवलेला आगीचा मृत्युदंड आणि चारशे वर्षांनंतरची ही एक मेंढी शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात धाक आहे, दुसऱ्यात अनोळखी माणसाला थांबून आग विझवावीशी वाटेल अशी सोय आहे. वणवा रोखायला दुसरी जास्त उपयोगी, असं माझं मत.

---

हिवाळतळ

चौथा प्रश्न राहिला आहे, आणि तिथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘कुरण सगळ्यांचं’ हे अर्धसत्य. हक्क होता, पण तो जागेइतकाच ऋतूशी बांधलेला होता.

कझाकांची वर्षभराची चार ठिकाणं: हिवाळ्याचं किस्ताउ, वसंताचं कोक्तेउ, उन्हाळ्याचं जाइलाउ, शरदातलं कुझदेउ. यांतल्या हिवाळी जागेवरचा हक्क सर्वांत घट्ट, उन्हाळी जागेवरचा सर्वांत सैल. कारण सरळ आहे. उन्हाळ्यात गवत मुबलक, आज इथे तर उद्या तिथे. हिवाळ्यात मात्र वाऱ्यापासून आडोसा, कमी बर्फ साठणारा उतार आणि राखून ठेवलेलं गवत, हे तिन्ही एकत्र असलेल्या जागा मोजक्या. त्यात वर्षानुवर्षं त्याच जागी बसून साठलेल्या लेंड्या-शेणाचा दाबलेला थर असतो. मेंढ्या गोठलेल्या जमिनीवर बसल्या तर उष्णता झपाट्याने जाते. या कोरड्या थरावर ती टिकते. असा थर नव्या जागी एका मोसमात तयार होत नाही. म्हणून दुसऱ्याच्या हिवाळी तळाभोवतालचं गवत उन्हाळ्यात चारून टाकणं हा मोठा अपराध. त्या वेळी तिथे कुणीच नसतं, पण हक्क असतो.

विहिरीचंही तसंच. खणणाऱ्याचा आणि त्याच्या कुळाचा पहिला मान. वाटसरूच्या जनावरांना पाणी पाजू देणं आलंच, पण तिथे मुक्काम ठोकायचा तर विचारायचं. कोरड्या भागात विहीर ज्याची त्याचंच भोवतालचं कुरण, कारण पाण्याशिवाय त्या गवताचा उपयोग नाही.

हिवाळ्यात चारण्याचा क्रमही ठरलेला. आधी घोडे सोडायचे; ते खुरांनी बर्फ उकरून गवताचे शेंडे खातात. त्यांच्यामागून गुरं, शेवटी मेंढ्या, कारण त्यांना खोल बर्फ उकरता येत नाही. कळपात घोडे कमी असतील तर मेंढ्या अडकतात. म्हणून पाचही जनावरं (घोडा, गुरं किंवा याक, उंट, मेंढी, बकरी) मिसळून ठेवायची. पण बर्फावर पाणी पडून ते गोठलं, वर टणक कवच धरलं, तर घोड्याचंही खूर चालत नाही. कझाक त्याला जुत म्हणतात. मंगोल भाषेत झुद, आणि त्याचे प्रकार वेगळे ओळखतात: पांढरा म्हणजे खोल बर्फ, काळा म्हणजे बर्फच नाही म्हणून प्यायला पाणी नाही, लोखंडी म्हणजे बर्फाचं कवच, थंड म्हणजे नुसता कडाका, आणि खुरांचा म्हणजे एकाच जागी फार कळप जमून गवत तुडवलं जाणं.

झुदवर एकच खरा उपाय असतो, लांब निघून जाणं. त्याला ओतोर म्हणतात. तरणी माणसं हलक्या बिऱ्हाडानिशी कळपाचा काही भाग घेऊन दूर जातात. त्यासाठी दुसऱ्याच्या मुलखात शिरावं लागतं, आणि इथेच कायदा आडवा येतो. चिंग राजवटीने मंगोलांना खोशू नावाच्या सीमाबद्ध विभागांत बसवलं, सीमेवर ओवो म्हणजे दगडांचे ढीग उभारले आणि परवानगीशिवाय सीमा ओलांडणाऱ्याला दंड ठेवला. राज्य करायला ते सोयीचं. पण वाईट हिवाळ्यात सीमेच्या आतच अडकलेला कळप मरायचा. व्यवहारात शेजारच्या खोशूंचे प्रमुख आपसांत बोलून सवलत देत. रशियन बाजूला १८६८ च्या तात्पुरत्या नियमांनी कझाकांची जमीन सरकारी मालमत्ता ठरवली. पुढे आलेल्या वसाहतवाल्या शेतकऱ्यांची संख्या १९१७ पर्यंत दहा लाखांवर गेली. त्यांना हवी ती जमीन म्हणजे पाण्याजवळची, आडोशाची. म्हणजे नेमकी हिवाळी तळाची. नकाशावर कुरण भरपूर दिसत राहिलं, पण वर्षाचं चक्र एका ठिकाणी तुटलं की उरलेल्या तीन जागांचा उपयोग संपतो. मग १९३० ते १९३३ या वर्षांत सक्तीचं सामूहिकीकरण आणि जनावरांची वसुली यांनी जो दुष्काळ आणला त्यात सुमारे १५ लाख माणसं मेली, त्यांतले बहुसंख्य कझाक.

आजचा मंगोलिया. १९९२ च्या राज्यघटनेनुसार कुरणाची खाजगी मालकी होऊ शकत नाही, आणि पशुधन ही राष्ट्रीय संपत्ती म्हणून संरक्षित आहे. २००२ च्या जमीन कायद्याने हिवाळी आणि वसंत तळाच्या जागेचं ताबापत्र एकत्र तळ ठोकणाऱ्या कुटुंबांना मिळू शकतं. उन्हाळी आणि शरदातली कुरणं सामाईक. जुन्या रिवाजाची चौकट यात ओळखू येते. पण ताबापत्र प्रामुख्याने तळाच्या जागेचं असतं, भोवतालच्या चराईचं संरक्षण त्याने आपोआप होत नाही. समाजवादी काळातल्या सहकारी संस्था १९९१ ते १९९३ या काळात मोडल्या, जनावरं खाजगी झाली, आणि हालचालींचं वेळापत्रक ठरवणारं कुणी उरलं नाही. १९९० मध्ये अडीच कोटींच्या आसपास असलेली जनावरं २०१९ मध्ये ७ कोटींच्या घरात गेली. काश्मिरी लोकरीच्या भावामुळे त्यात बकऱ्या फार वाढल्या, आणि बकरी गवत अगदी मुळापर्यंत खाते. झुदमध्ये १९९९ ते २००२ दरम्यान सुमारे १.१ कोटी, २००९-१० मध्ये सुमारे १ कोटी आणि २०२३-२४ मध्ये ७० लाखांहून अधिक जनावरं मेली.

या आपत्तींना फक्त हवामान जबाबदार नाही. ओतोरवर आलेल्यांना घेण्यासाठी दोन सुमच्या (जिल्ह्याखालच्या विभागाच्या) प्रमुखांमध्ये करार व्हावा लागतो. तो शरदातच झाला तर ठीक. बर्फ पडल्यावर बोलणी सुरू झाली तर उशीर झालेला असतो. आलेल्यांनी राखीव कुरण संपवलं तर यजमान सुमला वसंतात फटका बसतो, जेव्हा जनावरं सर्वांत अशक्त असतात आणि त्यांची वेतंही त्याच वेळी होतात. म्हणून किती कळप, कुठल्या दरीत, कुठल्या तारखेपर्यंत, हे करारात नसेल तर भांडण ठरलेलं.

---

पाऊलवाट

हिवाळतळ, वेताचा काळ वसंतातच यावा यासाठी काही करतात का? म्हणजे तो पुढे ढकलणं त्यांच्या हातात असतं का?

---

हिवाळतळ

हो. मेंढीचा गर्भ साधारण पाच महिन्यांचा. एडक्याच्या पोटाखाली नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) पडदा बांधून त्याला शरदाअखेरपर्यंत मेंढ्यांवर चढू देत नाहीत, किंवा एडके वेगळे राखायला देतात. नोव्हेंबरात सोडले की कोकरं एप्रिलमध्ये, नव्या गवताच्या तोंडाशी येतात. पडदा लवकर सुटला तर कोकरं मार्चच्या वादळात जन्मतात, आणि आयांच्या कासेत दूध नसतं. बुजुर्गांच्या देखरेखीखाली चालणारं हे काम आहे, कारण एका घराचा सुटा एडका शेजारच्या चार घरांचा हंगाम बिघडवतो.